द्रव्याच्या अवस्था : रोजच्या खाण्यात आणि वापरात

स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो आणि वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. शुद्ध पदार्थांना ही विभागणी चपखल बसते. बर्फ ०° से.ला वितळतो, त्यात संदिग्ध काही नाही. पण खाण्यावापरण्याचे बहुतेक जिन्नस मिश्रणे असतात. त्यांच्याबाबतीत ‘स्थायू की द्रव?’ हा प्रश्नच अपुरा पडतो. कोणता घटक कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहावे लागते.

आइसक्रीममध्ये बर्फाचे बारीक स्फटिक, हवेचे बुडबुडे, स्निग्धांशाचे कण आणि साखरेचा दाट पाक एकत्र नांदतात. साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो. जसजसे पाणी गोठते, तसतसा उरलेला पाक अधिक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. त्यामुळे −१८° से.लाही थोडे पाणी द्रवच राहते आणि आइसक्रीम दगडासारखे कडक होत नाही. ते वितळवून पुन्हा गोठवले, तर मात्र हवा निसटलेली असते आणि स्फटिक मोठे होतात. सुमारे ५० मायक्रोमीटरपेक्षा मोठे स्फटिक जिभेला रवाळ लागतात. घटक तेच, तापमान तेच, तरी पदार्थ वेगळा. अवस्थेइतकीच अंतर्गत रचनाही महत्त्वाची, हे इतके स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

चॉकलेटमधील कोको बटर सहा स्फटिकरूपांत घट्ट होऊ शकते. त्यांपैकी चकाकी आणि खुसखुशीतपणा देणारे रूप सुमारे ३४° से.ला, म्हणजे तोंडाच्या उष्णतेने वितळते. उन्हात मऊ पडून पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर येणारा पांढुरका थर बहुधा याच स्निग्धांशाचा असतो. ती बुरशी नव्हे.

टूथपेस्टचा प्रकार निराळा. ब्रशवर ती आकार धरून बसते, पण ट्यूब दाबली की वाहते. तिचे वागणे तापमानापेक्षा बलावर ठरते. जेलीत बहुतांश पाणीच असते. जिलेटिनच्या रेणूंचे जाळे ते अडवून धरते. एका पदार्थाचे अतिसूक्ष्म कण दुसऱ्यात विखुरलेल्या अशा मिश्रणांना कलिल (कोलॉइड) म्हणतात. ही संज्ञा रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये रूढ केली. डांबरगोळी घरातल्या तापमानाला वितळत नाही, संप्लवनाने थेट वायूरूप होते.

काच हा अस्फटिकी स्थायू आहे, म्हणजे तिच्यातील कणांची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते. जुन्या खिडक्यांची तावदाने काच ओघळून तळाशी जाड झाली, हा समज चुकीचा आहे. त्या काळी काच मुळातच कमीजास्त जाडीची बनत असे.

१८८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे जणू दोन द्रवणांक आढळले. त्या दोहोंमधील गढूळ अवस्थेला पुढे द्रवस्फटिक हे नाव मिळाले. कॅल्क्युलेटरच्या आणि कित्येक दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत हेच द्रवस्फटिक विद्युतदाबानुसार रेणूंची दिशा बदलून प्रकाश अडवतात किंवा सोडतात.