आकाशदर्शन ठरवताना आधी तिथी बघा
सोलापुरातील शाळा, महाविद्यालये आणि सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा "दुर्बीण केवढी?" असा असतो. आमच्या दुर्बिणीचा आरसा ८ इंची आहे, नाभीय अंतर १२०० मिमी आणि बैठक डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची. पण कार्यक्रम रंगणार की फसणार हे दुर्बिणीपेक्षा तिथीवर अवलंबून असते. तेव्हा सभागृह आणि चहा ठरवण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका उघडा.

कोजागिरी नको, पंचमी घ्या

सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी सरते. त्यामुळे नुसत्या तिथीवरून चंद्र कधी मावळणार याचा अंदाज येतो. शुक्ल पंचमीचा चंद्र रात्री साडेनऊ-दहापर्यंत मावळतो, अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. कृष्ण अष्टमीनंतर तो मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो.

सोसायट्यांची सर्वाधिक मागणी कोजागिरीची असते. मसाला दुधासाठी ती रात्र उत्तमच, दुर्बिणीसाठी मात्र वर्षातल्या सर्वांत निरुपयोगी रात्रींपैकी एक. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते, डोंगर-विवरांच्या सावल्या दिसत नाहीत आणि चंद्र चुन्याने सारवलेल्या थाळीसारखा सपाट दिसतो. शिवाय तारे त्या उजेडात बुडतात. विवरे बघायची ती अंधार-उजेडाच्या सीमेवर. पंचमी-षष्ठीला थिओफिलस, नवमी-दशमीला कोपर्निकस. शाळेसाठी आमची पहिली पसंती पंचमीला, कारण दीड-दोन तास चंद्र बघून होतो आणि तो मावळला की ताऱ्यांसाठी काळोख मिळतो.

फक्त तारे, तेजोमेघ आणि तारकागुच्छ बघायचे असतील तर अमावस्येच्या आगेमागे या. ज्यांना अमावस्येची संध्याकाळ नको वाटते त्यांनी कृष्ण दशमी किंवा एकादशी धरावी, आकाशाला फरक पडत नाही.

शहराच्या कोणत्या बाजूला जायचे

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेदोन मुठींवर असतो (हात ताठ केला की बंद मूठ साधारण १० अंश झाकते) आणि शहरात तो हमखास समोरच्या इमारतीमागे जातो. याचा मोबदला दक्षिणेकडे मिळतो. हिवाळ्यात अगस्ती हा ठळक तारा जवळपास २० अंश वर येतो. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह १०-१२ अंशांवर उभा असतो आणि शेजारच्या नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा गोलाकार तारकागुच्छ २५ अंशांवर. काश्मीरमधल्या निरीक्षकाला त्रिशंकू क्षितिजावर मुळी येतच नाही.

हे दक्षिणेचे धन बघायचे तर तुळजापूर रस्त्याला जाऊ नका. तिकडून शहराचा उजेड नेमका दक्षिणेला येतो. विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला गेलात तर तो पाठीमागे राहतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, शहरात कार्यक्रम ठेवू नका. रोषणाई आणि धूर दोन्ही आड येतात.

जागा शक्यतो मातीची किंवा गवताची हवी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडतो, त्यात ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा थरथरतो. मार्च ते मे दरम्यान हे फार जाणवते. गच्चीच घ्यावी लागली तर संध्याकाळी पाणी मारून ठेवा, आणि शेजारचा हॅलोजन किंवा हायमास्ट बंद होईल याची परवानगी आधीच काढा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाईलचा एक फ्लॅश ती मेहनत वाया घालवतो. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर बांधून आणा. पाठीखाली सोलापुरी चादर असली की मान अवघडत नाही. पहिला पाऊण तास आम्ही सगळ्यांना आडवेच करतो.

दुर्बिणीसमोरची रांग

एका दुर्बिणीला ४० जण, त्याहून जास्त नको. २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावली की ४८ पट मोठे दिसते, १० मिमीची लावली की १२० पट. पृथ्वी दर ४ मिनिटांना १ अंश फिरते, आणि या बैठकीला मोटार नाही. त्यामुळे १२० पटीत ग्रह पावणेदोन मिनिटांत चौकटीबाहेर जातो आणि दर तिसऱ्या मुलामागे दुर्बीण पुन्हा लावावी लागते. मोठ्या गटाला आम्ही ४८ पटच ठेवतो. शनीची कडी त्यातही कळतात. २०२५ मध्ये ती आपल्याला काठाकडून, रेषेसारखी बारीक दिसत होती, आता २०३२ पर्यंत रुंदावत जातील.

मुले नेत्रिका हाताने धरतात, तिथेच नेम चुकतो. हात पाठीमागे, दुसऱ्या डोळ्यावर तळवा, लहानांसाठी पक्के स्टूल. "दिसलं का?" असे मात्र विचारू नका. मागे रांग असते, मूल "हो" म्हणून निघून जाते. "गुरूच्या कोणत्या बाजूला किती ठिपके?" असे विचारा (ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र), म्हणजे खरे कळते. चित्र काढायला लावले तर प्रतिमा उलटी असते हे आधी सांगा.

रंगांची अपेक्षा ठेवू नका. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो, डोळ्याला राखाडी धुके दिसते, कारण मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. लग्नात दाखवतात ती अरुंधती वसिष्ठाशेजारी नुसत्या डोळ्यांनी दिसते का ते आधी तपासतो. मग दुर्बिणीत खुद्द वसिष्ठच दोन तारे निघतो. ही अरुंधती तेलुगू आणि कन्नड घरांतही ओळखीची, त्यामुळे आपल्या शहरातल्या मिश्र वर्गात हा खेळ चांगला जमतो.

दिवसाचा कार्यक्रम

बजेट कमी असेल तर हाच घ्या. १ मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची, ११.३० ते १.३० दर १० मिनिटांनी सावलीचे टोक खुणवायचे. घड्याळात १२ वाजता सावली सर्वांत लहान होत नाही: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण सुमारे ७५.९ वर. म्हणून खरी माध्यान्ह सरासरी १२.२६ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१०, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४०.

या काठीची माध्यान्हीची सावली २१ डिसेंबरला सुमारे ८७ सेंमी, विषुवदिनी ३२ सेंमी, आणि २१ जूनला १० सेंमी, तीही दक्षिणेकडे. या शेवटच्या मापावर शिक्षकसुद्धा चटकन विश्वास ठेवत नाहीत. शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर, मेच्या १०-११ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळा बंद, ऑगस्टमध्ये ढग, ही अडचण आहेच. सावलीचे टोक धूसर दिसते ते चूक नव्हे: सूर्य अर्धा अंश रुंद आहे, मीटरभर अंतरावर ती कडा ९ मिमी पसरते.

सूर्य बघताना गाळणी दुर्बिणीच्या तोंडावरच लावायची. नेत्रिकेला लावलेली काच उष्णतेने तडकते. नेम धरायची छोटी शोधक दुर्बीणही झाकलेली हवी. एक्स-रे फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच चालणार नाही. त्यापेक्षा घरातल्या साध्या सपाट आरशावर (दुर्बिणीच्या नव्हे) १ सेंमी भोकाचा कागद चिकटवा आणि कवडसा २० मीटरवरच्या अंधाऱ्या खोलीत पाडा. भिंतीवर सुमारे १९ सेंमीचा सूर्य उमटतो. २ ऑगस्ट २०२७ च्या खंडग्रास ग्रहणाला, ढग नसतील तर, हेच वापरू.

ढग आले तर त्याच पंधरवड्यातली दुसरी तारीख घेतो, वेगळे पैसे नाहीत. नोंदणी करताना जागा, मुलांची संख्या, इयत्ता आणि दोन पर्यायी तिथी कळवा.