रंगवलेले दगड वाटेवर ठेवण्याची रीत कुठून आली

रंगवलेला गोटा फिरायच्या वाटेवर ठेवायचा आणि तो कुणा अनोळखी माणसाला सापडू द्यायचा, या छंदाला मोठी चालना मिळाली २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या केप कॉडच्या किनाऱ्यावर. मेगन मर्फी यांनी काही गोट्यांवर मार्करने धीराचे चार शब्द लिहून ते वाळूत सोडले. त्यातला एक त्यांच्याच मैत्रिणीला सापडला आणि पुढे असे दगड ठेवण्याचा ‘काइंडनेस रॉक्स प्रोजेक्ट’ हा उपक्रम उभा राहिला.

लपवाछपवीचे असे छंद त्याआधीही होते. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणारे तिच्यात आपलं कार्ड टाकत. आडजागी लपवलेल्या पेट्या शोधत फिरायचा छंद, लेटरबॉक्सिंग, त्यातूनच आला. अमेरिकी सरकारने २ मे २००० रोजी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि जीपीएसवरून लपवलेली वस्तू शोधायचा खेळ, जिओकॅशिंग, सुरू झाला.

या दोन्हींत शोधणारा ठरवून निघतो. दगड मात्र ज्याच्या ध्यानीमनी नाही त्यालाच सापडावा, आणि आम्हाला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. त्यामुळे सगळी भिस्त दगडाच्या पाठीवर असते. तिथे या छंदाच्या फेसबुक गटाचं नाव आणि ‘फोटो टाका, ठेवून घ्या किंवा पुढे लपवा’ एवढं लिहिलेलं असलं, तरच दगडाचा प्रवास कळतो. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनमधल्या मुलांनी पायवाटांच्या कडेने दगडांचे लांबलचक ‘साप’ रचले. तिथे नियम उलटा होता: उचलायचा नाही, आपला दगड शेपटीला जोडायचा.

छंद पसरला तशा तक्रारीही आल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत दगड नेणं आणि रंगवलेला दगड ठेवणं, दोन्हींना मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्याखाली किनाऱ्यावरचे गोटे नेण्यावर बंदी घालता येते. म्हणून जाणकार मंडळी बागसामानाच्या दुकानातून गोटे विकत आणतात.

रंगकामाची पद्धतही चुकांमधूनच घडत गेली. तळहातात मावेल असा गुळगुळीत, चपटा गोटा साबणाने धुऊन पूर्ण सुकवायचा. आत ओल राहिली तर रंगाला फोड येतात. ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्यायचे आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मग बाहेरच्या वापराचं पारदर्शक व्हार्निश, तेही दोन-तीन पातळ थरांत, दगडाच्या पाठीवरही. मार्करची शाई व्हार्निशच्या स्प्रेने फुटू शकते. तिथे आधी एका कोपऱ्यावर करून बघावं. हस्तकलेचा साधा डिंकासारखा लेप पावसात पांढुरका, चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे मातीत जातात. चमकी, टिकल्या, चिकटवलेले डोळे नकोतच. ते सुटून पडले की पक्षी खातात. अगदी छोटे खडेही नकोत, लहान मुलं तोंडात घालतात. आणि हिरवळीत तर दगड कधीच लपवू नये: गवत कापायच्या यंत्राच्या पात्याखाली आला की तो गोळीसारखा उडतो. बाकाच्या पायाशी किंवा कुंपणाच्या खांबाशी ठेवावा.