निळ्या फुलांच्या रानातली वहिवाट

एप्रिल संपत आला की लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांमधल्या अ‍ॅशरिजच्या रानात ब्लूबेल फुलते. एका बाजूला झुकलेला देठ आणि त्याला लोंबणाऱ्या निळ्या-जांभळ्या घंटा. झाडांची पालवी दाटून अंधार होण्याआधी फुलून घ्यायचं, म्हणून सगळी घाई तीन-चार आठवड्यांची. या रानातून आयव्हिंगहो बीकनच्या टेकडीवर चढणारा माणूस दोन वेगवेगळ्या हक्कांवर चालत असतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

इथली कुंपणांची भांडणं जुनी आहेत. १८६६ च्या मार्चमध्ये अ‍ॅशरिजच्या जमीनदाराने बर्कहॅम्स्टेडच्या गायरानाला घातलेलं लोखंडी कुंपण लंडनहून रेल्वेने आलेल्या मजुरांनी एका रात्रीत उपटलं. पुढे कोर्टाचा निकालही गायरानाच्या बाजूने लागला. १९३२ मध्ये किंडर स्काउट या उत्तरेकडच्या खासगी डोंगरावर मुद्दाम शिरलेल्यांपैकी पाच जण तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्याने लोकांना चालायचा हक्क असलेल्या पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवायला लावल्या.

खरी मेख २००० च्या कायद्यात आहे. वाट सोडून पायी हिंडायचा हक्क त्याने दिला, पण ठरावीक जमिनीवरच: डोंगर, मूर (उंचावरचं उघडं, ओलसर माळरान), हीथ (खुरट्या झुडपांचं माळरान), डाउन आणि नोंदलेली गायरानं. यातला ‘डाउन’ हमखास फसवतो. त्याचा ‘खाली’शी संबंध नाही. डाउन म्हणजे खडूच्या दगडावरची, पातळ मातीची, उघडी गवताळ टेकडी. जुन्या इंग्रजीत टेकडीलाच हा शब्द होता. म्हणून आयव्हिंगहोच्या गवतात कुठेही बसा, कुणी हटकणार नाही. जंगल मात्र यादीतच नाही. ते गायरानात असेल किंवा मालकाने आपणहून खुलं केलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी रानात हक्क फक्त पायवाटेपुरता.

जंगल असं वगळणं मला पटत नाही. या कायद्याने खुली झालेली जमीन इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के, आणि तीही बरीचशी उत्तरेच्या डोंगरांत. दाट वस्तीच्या दक्षिणेत घराजवळ असतात ती छोटी छोटी रानंच.

जंगलं खुली करायला विरोध असणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. ब्लूबेलचं तुडवलेलं पान त्या हंगामात पुन्हा सावरत नाही, मग कंदात अन्न साठत नाही. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात. फोटोसाठी एक जण दोन पावलं आत जातो, मागचे त्याच पावलांवर पाय देतात, आणि फुलांमधून मातीची नवी वाट पडते. रानातले कंद विकायला १९९८ पासून बंदी आहे. पण निम्मं नुकसान असं पायांनीच होतं, असं मला वाटतं.

१९४९ पूर्वीच्या ज्या वाटा नकाशावर आल्याच नाहीत, त्यांची नोंद करायला २००० च्याच कायद्याने १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली होती. ती आधी २०३१ वर ढकलली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुदतच काढून टाकायचं जाहीर झालं. गावोगावचे हौशी लोक आजही चर्चला द्यायच्या दशमांश-करासाठी काढलेले जुने नकाशे चाळून हरवलेल्या वाटा शोधत आहेत.