ग्राफीन फिल्म: बनवण्याआधी ओळखण्याचा इतिहास

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. त्याचा जन्म २००४ साली मँचेस्टरला, ग्राफाइटचे पापुद्रे सोलणाऱ्या चिकटपट्टीवर झाला, असं सरसकट सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. जर्मनीत हान्स-पीटर बोएम यांनी १९६२ मध्येच ग्राफाइट ऑक्साइडपासून कार्बनचे अत्यंत पातळ पापुद्रे मिळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. 'ग्राफीन' हे नावही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८६ मध्ये सुचवलं.

मग अडलं कुठे? ओळखण्यात. एका अणूइतका जाड थर हजारो जाड पापुद्र्यांमधून हुडकायचा कसा? मँचेस्टरच्या आंद्रे गाईम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी पापुद्रे ३०० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइड चढवलेल्या चकतीवर उतरवले. तेवढ्या जाडीवर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे (परावर्तित लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे) एकपदरी थरही साध्या सूक्ष्मदर्शकात फिकट छटेने उठून दिसतो. ऑक्साइड ३१५ नॅनोमीटरचा असता, तर तो नजरेतून पार निसटू शकला असता. या साऱ्या इतिहासात मला हे १५ नॅनोमीटर सर्वांत थक्क करतात.

थर एकच आहे ना, याची झटपट खात्री २००६ पासून रामन वर्णपटाने, म्हणजे पदार्थावरून विखुरताना बदललेल्या प्रकाशाच्या आलेखाने, होऊ लागली. कोलकात्यात १९२८ साली लागलेला रामन परिणामाचा शोध इथे नेमका कामी आला. या आलेखातलं २७०० प्रति सेंटिमीटर तरंगांकाच्या आसपासचं शिखर एकपदरी ग्राफीनमध्ये टोकदार आणि उंच असतं, थर वाढले की रुंदावतं. १३५० जवळ शिखर दिसलं, तर कार्बन अणूंच्या जाळीत दोष आहेत.

पण चिकटपट्टीने मिळतात ते बारीक तुकडे. उपकरणांना सलग फिल्म हवी. २००६ मध्येच जपानच्या चुबू विद्यापीठात प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी त्यासाठी कापूर वापरला! कापराची वाफ तापलेल्या निकेलवर सोडून त्यांनी कार्बनचे पातळ थर वाढवले. ते एकपदरी नव्हते, म्हणून असेल, पण या कामाची आठवण फार कमी काढली जाते. ती काढायलाच हवी.

निकेलची अडचण अशी, की तापल्यावर ते कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना बाहेर टाकतं; थर कमीजास्त होतात. तांब्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये रॉडनी रूऑफ यांच्या गटाने २००९ मध्ये सुमारे १००० अंश सेल्सिअसला तांब्याच्या पत्र्यावर मिथेन सोडला, तेव्हा पृष्ठभाग झाकला गेला की वाढ आपोआप थांबली. ९५ टक्क्यांहून अधिक भाग एकपदरी निघाला. त्यानंतर तांबं विरघळवून, पाण्यावर तरंगणारी फिल्म दुसऱ्या चकतीवर अलगद उचलायची. सुरकुत्या आणि चिरा पडतात त्या बऱ्याचदा इथेच.