‘सोटस’ची पार्श्वभूमी: एका ‘मिया’भोवती

थाई ‘वाय’ मालिकांबद्दल, म्हणजे दोन मुलग्यांच्या प्रेमकथांबद्दल, गप्पा सुरू झाल्या की ‘सोटस’चं नाव निघतं आणि ‘सोटस’चं नाव निघालं की पहिल्या भागातला तो प्रसंग निघतोच. इंजिनिअरिंगची नवी मुलं ताठ बसवलेली. तिसऱ्या वर्षाचा आथित त्यांच्यावर ओरडतोय: गिअर मिळवायची तुमची लायकी नाही. गिअर म्हणजे दातेरी चक्राचं छोटं चिन्ह, विभागात तुम्हाला सामावून घेतल्याची खूण. पहिल्या वर्षाचा काँगफॉप शांतपणे सुचवतो की लग्न झालं की एकाचं ते दुसऱ्याचंही होतं, तेव्हा मी तुम्हालाच माझी बायको करतो. सगळे गार.

बायकोसाठी त्याने वापरलेला शब्द ‘मिया’. मालिकेवरचं प्रेम आणि मालिकेवरचा राग, दोन्ही या शब्दाभोवती फिरत आलेत.

मागची वंशावळ बऱ्याच जणांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९७० च्या दशकात जपानमध्ये हौशी चित्रकथाकार मुली मुलग्यांच्या प्रेमाच्या आपल्याच कथांना ‘यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी’ म्हणायच्या. ना कळस, ना शेवट, ना अर्थ. त्याचं आद्याक्षरी रूप ‘याओई’. ते थायलंडमध्ये पोचलं चोरून छापलेल्या भाषांतरित चित्रकथांतून, आणि रोमन लिपीतल्या पहिल्या अक्षरावरून तिथे ‘वाय’ झालं. वाचणाऱ्या मुली ‘साव वाय’. पुढे इंटरनेट आलं तसं या मुली स्वतःच कादंबऱ्या लिहायला लागल्या. विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळांवर, हप्त्याहप्त्याने, प्रत्येक प्रकरणाखाली वाचकांच्या आर्जवांसह. पडद्यावर मात्र सगळं जपून चाललं होतं. २००७ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटाची जाहिरात मुलगा-मुलीच्या प्रेमकथेसारखी केली गेली आणि दोन मुलांचं प्रेम प्रेक्षकांना थिएटरात गेल्यावर कळलं.

दार उघडलं ते तांत्रिक कारणाने. डिसेंबर २०१३ मध्ये थायलंडमध्ये डिजिटल दूरचित्रवाणीच्या २४ व्यावसायिक वाहिन्यांचा लिलाव झाला. पुढच्या वर्षी त्या दिसायला लागल्या आणि एवढे तास भरायचे कशाने हा प्रश्न उभा राहिला. जुन्या बड्या वाहिन्यांचा प्रेक्षक सासू-सवतींच्या मालिकांना चिकटलेला, म्हणून नव्यांनी तरुण मुलींकडे मोर्चा वळवला. त्या मुलींच्या वाचून पाठ झालेल्या कादंबऱ्या तयारच होत्या. २०१४ मध्ये ‘लव्ह सिक’ आली. निळ्या अर्ध्या विजारीतल्या शाळकरी मुलांची ही गोष्ट, पण तिच्यात मुलांचं प्रेम इतर अनेक धाग्यांपैकी एक होतं. ऑगस्ट २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात दाखवलेल्या ‘सोटस’ने तोच धागा सगळ्यात पुढे ठेवला. पंधरा भाग, दोन मुलं, एक कॉलेज.

आता ‘मिया’कडे येऊ, कारण हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं आहे आणि इंग्रजी उपशीर्षकांना तो कधीच पेलला नाही. थाईत बायकोसाठी दोन थर आहेत. औपचारिक शब्द ‘फनराया’, म्हणजे आपला ‘भार्या’. नवऱ्यासाठी ‘सामी’, म्हणजे ‘स्वामी’. हे कागदावरचे शब्द. ‘मिया’ हा घरातला, गल्लीतला, कट्ट्यावरचा. मित्रांच्या टोळक्यात तो दुसऱ्याला खिजवायला वापरतात. पुरुषाला ‘मिया’ म्हणणं म्हणजे त्याला खाली बसवणं, बायको असणं हेच कमीपणाचं धरून.

वाय कादंबऱ्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचा साचा केला. जपानी चित्रकथांत जोडीतला एक पुढाकार घेणारा (‘सेमे’), दुसरा स्वीकारणारा (‘उके’), अशी वाटणी असते. थाई वाचकांनी त्या जपानी शब्दांचे तुकडे पाडून ‘मे’ आणि ‘के’ केले. मालिकांत नायकाला ‘फ्रा एक’, नायिकेला ‘नांग एक’ म्हणायची पद्धत होती. नायिकेच्या जागी मुलगा आला म्हणून ‘नाय एक’ हा नवा शब्द घडवावा लागला. आपलाच ‘एक’ आहे तो. म्हणजे मुली कथेतून गेल्या, पण नायिकेची खुर्ची तशीच राहिली आणि कुणाला तरी तिच्यावर बसवायचंच, हे ठरलेलं. समलिंगी पुरुषांचा या मालिकांवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे: आम्ही एकमेकांचे नवरा-बायको नाही, आणि आमच्यातली बायको कोण, हा प्रश्नच अपमानाचा आहे.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तरीही ‘सोटस’च्या बाजूने मी उभी राहते ती पुढच्या चौदा भागांसाठी. ते वाक्य प्रेमाचं नाहीच. सत्ता असलेल्याला त्याच्याच मैदानातल्या शिवीने दिलेलं उत्तर आहे. काँगफॉपने शब्द फेकला आणि मालिका त्यातली हवा हळूहळू काढत जाते. गरजणाऱ्या आथितचं आवडतं पेय निघतं गुलाबी दूध. काँगफॉपला ते कळतं, आणि त्या क्षणापासून आथितच्या ओरडण्यामागचा लाजरा मुलगा आपल्याला दिसायला लागतो. आदर कोण कुणाचा ठेवतो, लाजतं कोण, हट्ट कुणाचा, पाऊल मागे कोण घेतं, हे सतत फिरत राहतं. बायको कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही, आणि ठरवावं असं आपल्यालाही वाटेनासं होतं. या मालिकेची ओढ तिथे आहे. चुंबनाचा प्रसंग लोक पुन्हा पुन्हा बघतात खरा, पण मी परत जाते ती हाक ऐकायला.

हाक म्हणजे ‘पी आथित’. ‘पी’ म्हणजे वयाने मोठा भाऊ किंवा बहीण. मराठीत ‘दादा’ म्हणावं तर प्रेमकथा तिथेच संपते. पण थाई मुली प्रियकराला, नवऱ्यालाही ‘पी’ म्हणतात, तेव्हा त्यात आपलं ‘अहो’सुद्धा आहे. दादा आणि अहो एकाच अक्षरात. काँगफॉप पहिल्या दिवशी म्हणतो तो ‘पी’ आणि शेवटी म्हणतो तो ‘पी’, अक्षर तेच, आणि मधल्या अंतरात सगळी मालिका. उलट बाजूने आथित त्याला नावाने नाही, क्रमांकाने बोलावतो: शून्य-शून्य-सहा-दोन. हा आकडा ओरडण्यातून चिडवण्यात आणि चिडवण्यातून लाडात कसा सरकला, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. (आथित म्हणजे आदित्य, हे कळलं तेव्हा मला उगाच आपल्या ओळखीचा मुलगा भेटल्यासारखं वाटलं.)

दुसरा वाद रॅगिंगचा. सोटस हे नाव ज्येष्ठता, शिस्त, परंपरा, एकी आणि उमेद या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन बनलंय आणि थाई विद्यापीठांत नव्या मुलांना ‘घडवण्याच्या’ पद्धतीचं ते खरं नाव आहे. अमेरिका आणि फिलिपिन्समधल्या शेतकी कॉलेजांत शिकून परतलेल्यांनी ती आणली, असं तिथे सांगतात. ओरडणाऱ्या सीनियरला ‘पी वाक’ म्हणतात, आणि मूळ कादंबरीच्या उपशीर्षकातच हा पी वाक आहे. या पद्धतीत मुलांचे जीव गेलेत. मालिका आली तेव्हा या पद्धतीविरोधात तरुणांचीच मोहीम चालू होती. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला मैदानातल्या उठाबशा बघून अंगावर काटा येणारच. मालिका या पद्धतीवर प्रश्न विचारते, काँगफॉपचं बंडच ते आहे, पण शेवटी तिला मायेची झालर लावून मोकळी होते. ही तिची मोठी उणीव आहे.

पुढचं सगळं झपाट्याने घडलं. डिसेंबर २०१७ मध्ये दुसरं पर्व सुरू झालं. आथित आता नोकरीत आणि काँगफॉप त्याच कंपनीत प्रशिक्षणार्थी, म्हणजे लपवायला कॉलेजपेक्षा अवघड जागा. यूट्यूबवर एकेक भाग चार तुकड्यांत उपशीर्षकांसह मिळायला लागला आणि थाई न येणारे प्रेक्षक आशियाभर वाढले. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘टूगेदर’ आली, महिन्याभरात जग घरात बंद झालं आणि मुंबई-पुण्यातल्या मुलींच्या फोनमध्येही बँकॉकची कॉलेजं शिरली. मीही तेव्हाच आत आले आणि ‘सोटस’पर्यंत उलटी चालत गेले. नटांच्या जोड्या पडद्याबाहेरही जोड्या म्हणूनच मिरवायच्या, हा ‘खू जिन’चा धंदा याच काळात फुगला.

आणि ‘मिया’? तो शब्द आता अवघडलाय. २०२१ च्या ‘बॅड बडी’मध्ये जोडीदार ‘मिया’ नाही, ‘फॅन’ आहे, असं पात्रच ठणकावतं. ‘फॅन’ म्हणजे थाईत प्रियकरही आणि प्रेयसीही. नंतरच्या कितीतरी मालिकांनी तो जुना विनोद गाळून टाकला, काहींनी अजून धरून ठेवलाय.

१८ जून २०२४ रोजी थाई सिनेटने विवाह समानतेचा कायदा मंजूर केला आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आग्नेय आशियातला असा हा पहिला कायदा. त्याचं श्रेय मालिकांना देणं म्हणजे वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्यांवर अन्याय आहे. पण त्या कायद्याने दिवाणी संहितेतले नवरा आणि बायको हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘खू सोमरोत’ घातलं. ‘खू’ म्हणजे जोडी. ‘सोमरोत’ म्हणजे आपलं ‘समरस’.