शेड बांधणं वेगळं, शेड चालवणं वेगळं

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कुठलाही पायाभूत ऑनलाइन कोर्स घ्या, सुरुवातीलाच एक फरक शिकवतात: प्रकल्प म्हणजे काय आणि कामकाज म्हणजे काय. छोटासा व्हिडिओ, खाली तीन-चार प्रश्न, की लगेच पुढचा धडा. बहुतेकांची उत्तरं बरोबर येतात. माझीही आली होती. तरी पुढच्याच एप्रिलमध्ये मी या दोन्हींची गल्लत केली आणि आमच्या बचत गटाच्या आमसुलांची पहिली खेप बुरशीला गेली. म्हणून हा फरक इथल्याच, आपल्या ओळखीच्या कामांवर सावकाश मांडावासा वाटतो.

आधी व्याख्या. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, प्रकल्पाची व्याख्या दोन गोष्टींवर उभी करते: तो तात्पुरता असतो, आणि त्यातून आधी नव्हतं असं काहीतरी तयार होतं. कामकाज, ज्याला कोर्समध्ये ऑपरेशन्स म्हणतात, ते उलट. तेच काम, त्याच दर्जाचं, पुन्हा पुन्हा. प्रकल्प वेळेत संपला की सगळे खूश होतात. कामकाज संपावं असं कुणालाच वाटत नाही.

कोकण रेल्वेकडे बघितलं की हे चटकन समजतं. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सह्याद्रीच्या पायथ्यातून काढला गेला. ९१ बोगदे, लहानमोठे मिळून जवळजवळ २००० पूल. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा ६० मीटरहून उंच पूल याच मार्गावरचे. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग सलग खुला झाला. हा प्रकल्प. याला सुरुवात होती, शेवट होता, आणि असा मार्ग आधी इथे नव्हता.

त्यानंतर रोज गाड्या सुटतात, ते कामकाज. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी होतो, डोक्यावर घोंगतं किंवा रेनकोट घेतलेले गस्तवाले रात्रभर रूळ तपासत फिरतात. मार्ग बांधणाऱ्याचं कौशल्य आणि या गस्तवाल्याचं कौशल्य यांत थोर-लहान काही नाही, पण ती दोन निराळी कौशल्यं आहेत. एकाला नवीन अडचण फोडता आली पाहिजे. दुसऱ्याला शंभराव्या रात्रीही पहिल्या रात्रीइतकंच लक्ष देता आलं पाहिजे.

कामकाजातून पुन्हा प्रकल्प जन्मतात, हेही इथेच दिसतं. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, गाडी घसरली, माणसं गेली. त्यानंतर दरडींचे उतार कमी करणं, जाळ्या बसवणं अशी कामं हाती घेतली गेली. जाळी बसवणं प्रकल्प. बसवलेली जाळी दर पावसाळ्याआधी तपासणं कामकाज.

आता आमची शेड.

मी कोर्स केला तो पावसाळ्यात, पडवीत बसून. घरात रेंज नाही, पडवीच्या एका कोपऱ्यात मिळते. कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळावर २०२१ मध्ये आलेल्या गूगलच्या प्रमाणपत्र-मालिकेतला पहिलाच कोर्स ‘फाउंडेशन्स ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ नावाचा आहे. तो मी केला. इंग्रजी सावकाश, सबटायटल थांबवत वाचलं. प्रकल्पाचे टप्पे त्यात स्वच्छ सांगितलेत: सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, आणि शेवटी समारोप.

नोव्हेंबरात गटाने रातांब्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या सालांची आमसुलं होतात त्या कोकमाच्या फळांसाठी, शेड आणि सोलर ड्रायर घ्यायचं ठरवलं, आणि मी शिकलेलं सगळं कामाला लावलं. एका पानावर उद्देश, खर्च, कोण काय करणार, कधीपर्यंत. तारीख आमच्या हातात नव्हतीच. एप्रिलमध्ये रातांबे पिकायला लागतात, तेव्हा मार्चअखेर ही शेवटची मुदत. चिरे कधी येणार, गवंडी कधी मोकळा, पत्रे चढल्याशिवाय ड्रायर बसणार नाही, म्हणजे पत्र्यांचं काम लांबलं तर सगळंच लांबणार. हे कागदावर दिसत होतं म्हणून पत्र्यांच्या मागे आम्ही हात धुऊन लागलो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेड उभी राहिली. खर्चही ठरल्यातच. नारळ फोडला, पेढे वाटले. मला मनापासून वाटलं, काम झालं.

मग पहिल्या पिशव्या आल्या. रातांबे फोडून बिया वेगळ्या केल्या, सालं ट्रेमध्ये पसरली. आमसुलांचं काम कसं असतं ते करणाऱ्याला माहीत आहे: साल वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी तीन-चार पुटं. ट्रे दिवसातून दोनदा हलवायचे. ड्रायरच्या झडपा सकाळी उघडायच्या, संध्याकाळी पुन्हा बघायच्या. हे कोण करणार, ते माझ्या एका पानावर कुठेच नव्हतं. सगळ्यांना वाटलं दुसरी कुणीतरी करेल. दोन दिवस घरी पाहुणे, एक दिवस गावात लग्न. चौथ्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या काकूंनी दार उघडलं. आत दमट वास. खालच्या ट्रेमधल्या सालांवर पांढरी लव आली होती. काकू मला म्हणाल्या, “अगो, शेड झाली गं. पण रोजचं कोणाच्या नावावर हाय?”

तो प्रश्न म्हणजेच प्रकल्प आणि कामकाज यांमधली सीमा. कोर्समध्ये ज्याला समारोप म्हणतात तो मी उद्घाटन समजले. खरा समारोप म्हणजे सोपवणं: तयार झालेली वस्तू, ती चालवण्याची रीत, आणि चालवणाऱ्या माणसाचं नाव, तिन्ही एकत्र.

पैशातही हीच दरी असते, आणि कोकणातल्या गटांनी ती नीट ओळखावी असं मला कळकळीने वाटतं. अनुदान किंवा कर्ज मिळतं ते बहुधा बांधकामाला आणि यंत्राला. मीठ, पिशव्या, वीज, मजुरी हा चालू खर्च, तो दर हंगामात परत येतो आणि तो मालातूनच निघाला पाहिजे. आम्ही आधी शेडचा खर्च पैपैशाने मांडला होता, पण एक किलो आमसूल करायला किती पडतं हे कुणी काढलंच नव्हतं. प्रकल्पाचं मोजमाप वेळ, खर्च आणि ठरलेलं काम पूर्ण झालं का, यावर होतं. कामकाजाचं मोजमाप किलोमागे खर्च, नासाडी आणि प्रत्येक खेपेत तोच रंग, तीच चव, यावर.

गोंधळ होतो तो हंगामी कामांत. हापूसचा हंगाम घ्या. मोहोराची फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं, वाशीला रवानगी. याला सुरुवातही आहे, शेवटही आहे. मग हा प्रकल्प? माझ्या मते नाही. दरवर्षी तेच, बऱ्यापैकी त्याच माणसांनी, त्याच रीतीने. हे कामकाजच, फक्त वर्षाचं चक्र असलेलं. पण तीच बाग जुनी झाली, झाडं उंच गेली, धरेनाशी झाली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे छाटून नवी पालवी धरायचं ठरवलं, तर तो प्रकल्प. त्यात दोन-तीन वर्षांचं कमी उत्पन्न आधीच हिशेबात धरावं लागतं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळवणं प्रकल्प, आणि प्रत्येक पेटी त्या नावाला शोभेल अशी भरणं कामकाज. म्हणजे तारीख आहे एवढ्यावरून काम प्रकल्प ठरत नाही. मी स्वतःला एवढंच विचारते: हे पूर्ण झाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा हेच करायचंय का?

घराची एखादी खोली पर्यटकांसाठी तयार करणं आणि मग रोज चादरी बदलणं, यात हा फरक सगळ्यांना दिसतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

हा कोर्स करायचा विचार असेल त्यांना एक सांगते. उदाहरणं ऑफिसची, ऑनलाइन विक्रीची असतील. ती ऐका, पण वहीत आपल्या गावातलं काम घ्या. बांधावरची पायवाट, नळपाणी, शाळेची रंगरंगोटी, काहीही. प्रत्येक धड्यानंतर तेच काम पुढे न्या. व्हिडिओ पटापट संपवून मिळालेलं प्रमाणपत्र आणि असं एक पूर्ण काम यांत मी दुसऱ्याला जास्त किंमत देईन. ज्यांना इथल्याच प्राध्यापकांकडून शिकायचंय त्यांनी स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या उपक्रमाचे, व्यवस्थापनाचे कोर्स बघावेत. शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

शेडच्या दारामागे आता खिळ्याला एक वही टांगलेली आहे. डावीकडे तारीख, मग सकाळी झडपा कोणी उघडल्या, ट्रे कधी हलवले, कितवं पुट, मीठ किती. शेवटच्या रकान्यात सही. वही काकूंनी स्वतःच्या हातांनी आखली, आणि पहिल्या ओळीतली सही त्यांचीच आहे.