मागच्या दोन टायरांची शर्यत

आपल्याकडे टायर गुळगुळीत झाला की पंक्चरवालाही सुनावतो, "साहेब, बदला आता." अमेरिकेत ड्रॅग रेसचे, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ पट्टीवर धावायच्या शर्यतीचे, हौशी लोक मात्र मुद्दाम गुळगुळीत टायर विकत घेतात, मागच्या चाकांना चढवतात आणि वर त्यातली हवाही कमी करतात. टायरवरच्या खाचा असतात पाणी बाहेर फेकायला. कोरड्या पट्टीवर पाणीच नाही, मग प्रत्येक खाच म्हणजे वाया गेलेलं रबर.

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण लाकडी ठोकळा ओढून शिकलो. त्या हिशेबाने रुंद टायरचा उपयोगच नाही. शिवाय घर्षण गुणांक 1 धरला, तर उभ्या गाडीला पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पार करायला निदान 9.06 सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्यांनी हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापलंय. त्यात गाडीला खाली दाबणाऱ्या, विमानासारख्या पंखांचाही वाटा आहे, पण सुटतानाच्या क्षणी वारा कुठे असतो? तिथे सगळी मदार रबरावर. मऊ, तापलेलं रबर रस्त्याच्या बारीक खळग्यांत शिरतं आणि पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार जितका कमी, तितका त्याचा घर्षण गुणांक जास्त. लाकडी ठोकळा असं वागत नाही.

हौशी मंडळींची लाडकी 1979 ते 1993 मधली फोर्ड मस्टँग घ्या, तिथल्या भाषेत 'फॉक्स बॉडी'. वजन धरू 1450 किलो, त्यातलं मागच्या चाकांवर साधारण 610. गाडी 1 जी प्रवेगाने, म्हणजे वरून सोडलेल्या दगडाइतक्या प्रवेगाने, सुटली, तर नाक वर उचललं जातं आणि आणखी सुमारे 280 किलो भार मागे सरकतो. म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर 445 किलो. हवा 32 पीएसआय असेल तर तेवढा भार पेलायला साधारण 200 चौरस सेंटिमीटर ठसा पुरतो, 12 पीएसआयला 530 लागतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हे आकडे ढोबळच. पण रबराला दुपटीहून जास्त जागा मिळाली, एवढं खरं.

कमी हवेचा दुसरा फायदा मला जास्त गमतीचा वाटतो. गाडी सुटताना रिम आधी फिरतं आणि टायरचा तळ क्षणभर जागीच राहतो. मधली मऊ भिंत पिळल्या धोतरासारखी सुरकुतते. टायर काही क्षण स्प्रिंग होतो आणि इंजिनाचा झटका रस्त्याला एकदम न देता हप्त्याहप्त्याने देतो. हे काम करतो बायस-प्लाय जातीचा स्लिक, म्हणजे तोच गुळगुळीत टायर, ज्याच्या आतल्या दोऱ्या एकमेकींना तिरक्या छेदतात. ड्रॅग रेडियल हा शर्यतीचा दुसरा टायर, त्यातल्या दोऱ्या एका कडेपासून दुसरीकडे सरळ जातात. त्याची भिंत स्लिकपेक्षा ताठ, हवाही थोडी जास्त, आणि तो धरला तर घट्ट धरतो; सुटला तर मात्र पुन्हा पकडणं कठीण. म्हणून हाताने गिअर टाकायची, क्लच आदळणारी गाडी असेल तर स्लिक बरा. ऑटोमॅटिक असेल आणि त्याच टायरांवर घरीही जायचं असेल, तर रस्त्यासाठी मान्यता असलेला रेडियल. स्लिक सार्वजनिक रस्त्यावर चालवायचे नसतात, आणि पावसात तर नावच काढू नये.

रिम निवडताना बहुतेकांचा डोळा चकाकीवर असतो. खरं तर हवं असतं छोटं, हलकं रिम, बहुधा 15 इंची, म्हणजे टायरच्या भिंतीला वाकायला उंची मिळते. ब्रेक कॅलिपर त्यात मावतो का, ते आधी बघायचं. मग बॅकस्पेसिंग, म्हणजे हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. इथे चुकलं तर टायर एकतर आत सस्पेन्शनला घासतो नाहीतर बाहेर मडगार्डला. टायरच्या उंचीचाही हिशेब असतो. 26 इंचाऐवजी 28 इंचांचा टायर लावला की मागच्या आसातला 3.73 चा गिअर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.73 फेरे) 3.46 सारखा वागतो, म्हणजे जोर 7 टक्क्यांनी घटतो. ज्याने इंजिनावर पैसे ओतले आणि हे बघितलंच नाही, त्याच्यासारखा उधळ्या नाही.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर आपल्याकडेही ड्रॅग रेस झाल्या आहेत. पण आपल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, तिथे हे सगळं उलटं करायचं: चांगलं रबर पुढे. आणि भार मागे सरकणं हा तिथे तोटा.

एक शेवटची तपासणी फुकटात होते. एवढ्या कमी हवेवर रिम टायरच्या आतल्या आत घसरू शकतं. रिमपासून टायरवर खडूची एक सरळ रेघ ओढायची, बर्नआउट करून, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरवून, रबर तापवायचं आणि एक फेरी मारून यायचं. रेघ तुटून दोन टोकं वेगळी झाली असतील, तर हवा थोडी वाढवायची. तरीही रेघ जुळेना, तर टायरची कड धरून ठेवायला रिमला स्क्रू मारायचे.